भाऊ दाजी लाड

डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड ऊर्फ भाऊ दाजी लाड (जन्म : मांद्रे, पेडणे, गोवा, ७ सप्टेंबर १८२२, मृत्यू : मुंबई, ३१ मे १८७४) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे नामवंत डॉक्टर, कुष्ठरोगावरील उपचारांचे संशोधक, प्राच्यविद्यापंडित आणि सार्वजनिक कार्यकर्ते होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील ते एक होत. त्यांनी सरकारी वैद्यकीय सेवेत आयुष्य घालवले नाही. खासगी व्यवसाय करणारे डॉक्टर म्हणूनच ते जगले आणि त्या व्यवसायातून उरलेल्या वेळात व त्यातून मिळालेल्या पैशावर त्यांनी आपले सारे संशोधन केले. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला त्यांचे नाव असल्यामुळे आज ते प्रामुख्याने त्या वास्तूमुळे ओळखले जातात. त्यांच्या काळातील मुंबईकर मात्र त्यांना सर्वप्रथम डॉक्टर म्हणून ओळखत असत.

जन्म आणि शिक्षण

भाऊंचे जन्मवर्ष काही ग्रंथांत १८२२, तर काहींत १८२४ असे दिलेले आढळते. काही इंग्रजी ग्रंथांत त्यांचे नाव रामचंद्र असेही नोंदले आहे. वडील विठ्ठल यांना घरोब्यात दाजी म्हणत. त्यामुळे ‘भाऊ दाजी’ हे घरगुती नाव आणि वडिलांचे नाव यांच्या जोडीतूनच तयार झाले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी यांच्या नावाची घडणही तीच. पुढे भाऊ सर्व जगाला याच नावाने परिचित झाले आणि त्यांचे पाळण्यातले नाव मागे पडले.

लहानपणी भाऊ बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिक्षण द्यावे, असे वडिलांना सुचवले, अशी हकीकत त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. पेडण्याचे हे कुटुंब मुंबईस आले आणि भाऊंचे शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झाले. त्या काळी मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य विद्येचे याहून मोठे केंद्र नव्हते. शिक्षण संपल्यावर भाऊ तेथेच शिक्षक म्हणून नेमले गेले.

याच सुमारास गुजरात, काठेवाड व कच्छ येथील जाडेजा आदी राजपूत घराण्यांतील बालिकाहत्येच्या चालीविरुद्ध मुंबई सरकारने निबंध मागवले होते. भाऊंच्या निबंधाला पारितोषिक मिळाले आणि तो १८४७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले ते विद्यार्थिदशा संपत असतानाच, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्रँट मेडिकल कॉलेज

मुंबईत एतद्देशीयांना वैद्यकाचे शिक्षण देण्याचा एक प्रयत्न १८२६ साली झाला होता; परंतु डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली चाललेली ती शाळा काही वर्षांतच बंद पडली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नवे महाविद्यालय काढण्याचा प्रस्ताव पुढे रेटला. १८३८ साली त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ ग्रँट मेडिकल कॉलेज उभे राहिले. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून त्याला लागूनच रुग्णालय बांधण्यात आले. १८४५ साली अध्यापन सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे या महाविद्यालयाचे पहिले प्रमुख होत.

स्थिर नोकरी सोडून भाऊंनी या नव्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. हा निर्णय सोपा नव्हता. शवविच्छेदनाविषयी समाजात तीव्र किळस होती, विटाळाची भीती होती आणि पाच-सहा वर्षे शिकून बाहेर पडल्यावर लोक या नव्या डॉक्टरांकडे येतील की नाही, हेही कोणास ठाऊक नव्हते. पहिल्या तुकडीची अंतिम परीक्षा होऊन १८५१ साली पदव्या देण्यात आल्या. मुंबई विद्यापीठ तेव्हा स्थापन झाले नव्हते. त्यामुळे महाविद्यालय स्वतःच पदवी देत असे आणि उत्तीर्ण झालेले डॉक्टर आपल्या नावापुढे ‘जी.जी.एम.सी.’ अशी अक्षरे लावीत. भाऊंच्या सहाध्यायांमध्ये पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक झालेले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळवलेले डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ हे होते. एकाच वर्गातून एक धर्मसुधारक, एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक पुराविद निघावा, यावरून त्या तुकडीची जातकुळी लक्षात येते.

वैद्यकीय व्यवसाय

१८५१ साली भाऊंनी मुंबईत खासगी व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात त्यांचा जम बसला. धाकटे बंधू नारायण हेही ग्रँट मेडिकल कॉलेजातूनच डॉक्टर झाले आणि दोघे भाऊ बरोबरीने काम करू लागले. गरिबांसाठी त्यांनी मोफत दवाखाना चालवला. नारायण दाजी हे छायाचित्रणातही निष्णात होते. १८५४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या फोटोग्राफिक सोसायटीशी दोघाही बंधूंचा संबंध होता.

या पहिल्या पिढीच्या डॉक्टरांपुढे एक पेच होता. त्यांच्या आधी रुग्णाच्या घरी जात ते वैद्य आणि हकीम. गोऱ्या डॉक्टरांची सेवा सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. नवे देशी डॉक्टर रुग्णाची भाषा बोलत, त्याचे पथ्यापथ्य जाणत, सोवळेओवळे समजून घेत. पण त्यांची विद्या परकी होती. भाऊंनी हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला. त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथांचा अभ्यास केला आणि त्या ग्रंथांत ज्या औषधांचे गुण वर्णिले आहेत, त्यांतील काहींची प्रत्यक्ष रुग्णांवर परीक्षा घेतली. जुने म्हणून ते स्वीकारायचे नाही आणि देशी म्हणून नाकारायचेही नाही. गुण आला की नाही, एवढेच पाहायचे, असा त्यांचा व्यवहार होता. आज कुटुंबाच्या डॉक्टरने आपल्या रोजच्या रुग्णांमधूनच संशोधन करावे, ही कल्पना वैद्यकशास्त्रात प्रतिष्ठित झाली आहे. भाऊ दाजी असे काम करीत होते तेव्हा त्या प्रकारच्या कामाला नावही नव्हते.

कुष्ठरोगावरील संशोधन

भाऊंच्या वैद्यकीय संशोधनाचा मुख्य विषय कुष्ठरोग हा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या रोगाचे कारण कोणासही ठाऊक नव्हते. तो आनुवंशिक आहे, आहारामुळे होतो, हवापाण्यामुळे होतो, अशी नाना मते प्रचलित होती. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साऱ्या साम्राज्यातून माहिती मागवून १८६७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात हा रोग सांसर्गिक नसल्याचा निष्कर्ष काढलेला होता. नॉर्वेमध्ये आर्मौअर हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचे जंतू पाहिले ते १८७३ साली आणि त्याविषयी प्रसिद्धी केली ती १८७४ साली, म्हणजे ज्या वर्षी भाऊ वारले त्या वर्षी. मुंबईतही या विषयावर काम करणारे केवळ भाऊच नव्हते. शरीररचनाशास्त्राच्या सुप्रसिद्ध ‘ग्रेज अ‍ॅनॅटमी’ या ग्रंथातील चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे १८५८ पासून मुंबईत होते. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय येथे काम करीत असताना त्यांनी कुष्ठरोगाचा सखोल अभ्यास केला. कार्टर यांचे लक्ष रोगाच्या विकृतीकडे व प्रसाराकडे होते, तर भाऊंचे लक्ष उपचाराकडे. रोग कशाने होतो हे कळण्याची वाट पाहण्याइतकी सवड दारात आलेल्या रुग्णाला नसते, हे खासगी डॉक्टरला चांगले ठाऊक असते.

भाऊंनी वापरलेले औषध एका देशी वृक्षाच्या बियांचे तेल होते. या वृक्षाला कवटी, कडू कवठ, तसेच गोव्याकडे खष्ट अशी नावे आहेत. तो सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील आणि कोकण-गोव्याच्या सदाहरित रानांत, विशेषतः ओढ्यांच्या काठी वाढतो. त्याची फळे गोल व कवठासारखी टणक सालीची असतात आणि आतील बियांपासून पिवळसर तेल निघते. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या तुवरक नावाच्या वृक्षाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे; तो तुवरक म्हणजे हाच वृक्ष, असे मानले जाते. पूर्व भारतात याच्या जवळच्या जातीच्या बियांचे चौलमुग्रा नावाचे तेल लोकांत वापरले जाई. कलकत्त्याचे डॉ. फ्रेडरिक मौअट यांनी १८५४ साली ते पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणले होते. पश्चिम किनाऱ्यावरील कवटीची उपयुक्तता रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासण्याचे श्रेय भाऊंकडे जाते. तेलासोबत ते पथ्यावरही भर देत. त्यांच्या उपचाराने अनेक रुग्णांना गुण आल्याची ख्याती झाली आणि सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांचेही लक्ष तिकडे वेधले गेले.

परंतु भाऊंनी आपल्या हयातीत या औषधाचे घटक प्रसिद्ध केले नाहीत. त्यांच्या कार्यातील ही सर्वांत वादग्रस्त बाब होय. पाश्चात्त्य वैद्यकाच्या आचारसंहितेत गुप्त औषधाला स्थान नव्हते. जे औषध इतरांना तपासून पाहता येत नाही त्याला शास्त्र म्हणता येत नाही, अशी भूमिका भाऊ ज्या महाविद्यालयात शिकले तेथेच शिकवली जाई. त्यामुळे समव्यवसायी डॉक्टरांमध्ये त्यांच्याविषयी नाराजी निर्माण झाली. दुसऱ्या बाजूने, आपल्याकडील वैद्यपरंपरेत विद्या घराण्यात राखून ठेवण्याची रीत जुनी होती. भाऊंच्या मनात नेमके काय होते, याचा निवाडा आता होणे कठीण आहे. एवढे निश्चित म्हणता येते की, शिलालेखाचा ठसा, त्याचे वाचन आणि भाषांतर तिन्ही विद्वानांपुढे उघड ठेवणारा हा माणूस औषधाच्या बाबतीत तसा वागला नाही, आणि याची किंमत त्यांच्या संशोधनालाच मोजावी लागली. रुग्णांची संख्या, उपचाराचा काळ, मात्रा आणि परिणाम यांची एकत्र, पडताळून पाहता येईल अशी मांडणी त्यांच्या हातून झाली नाही. त्यामुळे कुष्ठरोगाच्या उपचारांच्या इतिहासात त्यांचे नाव यावे तितके येत नाही.

औषध मात्र पुढे टिकले. विसाव्या शतकाच्या आरंभी चौलमुग्रा वर्गातील तेले पोटात देण्याऐवजी टोचून देण्याच्या पद्धती निघाल्या आणि त्यानंतर कवटीच्या तेलाला जगभर मागणी आली. ब्रिटिश साम्राज्यातील कुष्ठरुग्णालयांत दोन महायुद्धांच्या दरम्यान हेच प्रमुख औषध होते. १९४० नंतर सल्फोन वर्गातील औषधे आली आणि या तेलाचा वापर हळूहळू थांबला. ज्याला आज बहुविध औषधोपचार म्हणतात त्याने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. तेलाने तो निश्चितपणे बरा होत असे, असे म्हणता येत नाही. मात्र अन्य कोणताच उपाय हाताशी नसताना काही रुग्णांच्या व्रणांत व चट्ट्यांत त्याने सुधारणा होत असे.

महाराज खटल्यातील साक्ष

१८६२ साली मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात चाललेला ‘महाराज लायबल केस’ हा खटला पश्चिम भारताच्या समाजसुधारणेच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी पुष्टिमार्गी वैष्णव संप्रदायाच्या काही महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला होता. जदुनाथजी महाराज यांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. भाऊंची या समाजातील अनेक घरांत डॉक्टर म्हणून ये-जा होती. बचावपक्षातर्फे त्यांची आणि डॉ. धीरजराम दलपतराम यांची साक्ष झाली. फिर्यादीला उपदंश झाला होता व त्यासाठी त्याने औषधोपचार घेतले होते, असे या वैद्यकीय साक्षींतून पुढे आले. सदाचारी असल्याचा फिर्यादीचा दावा त्यामुळे कोसळला. २२ एप्रिल १८६२ रोजी करसनदासांच्या बाजूने निकाल लागला.

रुग्णाचे गुपित न्यायालयात सांगावे की नाही, हा प्रश्न डॉक्टरपुढे आजही उभा राहतो. न्यायालयाने साक्षीला बोलावले असता खरे सांगणे हे कायद्याने बंधनकारक होते. तरीही श्रीमंत भाटिया आणि वाणी कुटुंबांतील व्यवसायावर पाणी सोडण्याची तयारी ठेवूनच त्या पिंजऱ्यात उभे राहावे लागत होते. साक्षीदारांना जातिबहिष्काराची भीती दाखवली जात होती, त्या वातावरणात भाऊ उभे राहिले. सुधारकांनी त्यांचे मोठे कौतुक केले. रुग्णाच्या विश्वासाचा विचार करणाऱ्या वाचकाला मात्र ही घटना इतकी सरळ वाटणार नाही.

प्राच्यविद्या संशोधन

दिवसभर रुग्ण तपासणाऱ्या माणसाने जुन्या लिपींचे वाचन करून इतिहासाच्या पंडितांत स्थान मिळवावे, ही असामान्य गोष्ट होय. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे भाऊ सभासद होते व पुढे उपाध्यक्षही झाले. त्यांचे बहुतेक शोधनिबंध याच संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत.

कालिदासावरील निबंधात कल्हणाच्या राजतरंगिणीत उल्लेखिलेला काश्मीरचा राजा मातृगुप्त म्हणजेच कालिदास होय आणि तो इसवी सनाच्या सहाव्या शतकात होऊन गेला, असे मत त्यांनी मांडले. हे मत पुढे टिकले नाही. परंतु कालिदासाचा काळ दंतकथांवरून न ठरवता ग्रंथांतील व इतिहासातील पुरावे ताडून ठरवावा, ही दिशा त्या निबंधाने दाखवली आणि युरोपातील विद्वानांना त्याची दखल घ्यावी लागली.

अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांचे त्यांचे वाचन १८६३ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. सोळाव्या लेण्यातील वाकाटक राजवंशाचा लेख त्यांनी पहिल्यांदा संपादित केला. लेख झिजलेला असल्याने राजांच्या नावांत व वंशावळीत काही चुका राहिल्या. त्या पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आणि आपल्याकडील वा. वि. मिराशी यांनी दुरुस्त केल्या. जुनागढ येथील रुद्रदामन व स्कंदगुप्त यांच्या लेखांवरही भाऊंनी लिहिले. लेण्यांतील लेखांत व क्षत्रपांच्या नाण्यांवर आढळणाऱ्या प्राचीन अंकचिन्हांवर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. त्या काळी शून्य आणि स्थानमूल्य यांचा वापर लेखांत होत नसे. दहा, वीस, शंभर यांना वेगवेगळी चिन्हे असत. ती चिन्हे उलगडल्याशिवाय लेखांचा व नाण्यांचा काळ ठरवणे अशक्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निबंधाचे मोल कळते.

तथापि त्यांचे सर्वांत टिकाऊ काम भारतीय ज्योतिर्विदांच्या कालनिर्णयाचे आहे. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८६५ साली आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांच्यावर त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तोवर आर्यभटाच्या नावावर चालणारे ग्रंथ कोणते अस्सल, याविषयी युरोपीय विद्वानांत घोटाळा होता. भाऊंनी ‘आर्यभटीय’ या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती मिळवल्या. आर्यभट नावाचे दोन निरनिराळे ग्रंथकार होऊन गेले, हे दाखवून दिले आणि ग्रंथातीलच उल्लेखावरून पहिल्या आर्यभटाचा जन्म इ. स. ४७६ मध्ये झाल्याचे ठरवले. कलियुगाची ३,६०० वर्षे सरली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो, असे आर्यभटाने स्वतः नोंदवून ठेवले आहे. कलियुगाच्या आरंभाचे मानलेले वर्ष त्याच्याशी जुळवले की जन्मवर्ष निघते. शाळेच्या पुस्तकांत आज दिसणारे ४७६ हे साल याच गणिताने आलेले आहे. वराहमिहिराचा मृत्यू शके ५०९, म्हणजे इ. स. ५८७ मध्ये झाल्याची परंपरा त्यांनी आमराज या टीकाकाराच्या आधारे पुढे आणली. हेन्ड्रिक कर्न यांनी लायडन येथे ‘आर्यभटीय’ छापून प्रसिद्ध केले, तेही १८७४ सालीच.

चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखाचा शोध खानदेशाच्या वाचकांना विशेष वाटेल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होता. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्याने तेथे मठ स्थापन केला व निकुंभ वंशातील स्थानिक राजांनी त्याला दान दिले, अशी हकीकत या तेराव्या शतकाच्या आरंभीच्या लेखात आहे. भास्कराचार्यांची वंशावळही त्यात येते. हा लेख भाऊंनी पहिल्यांदा विद्वानांपुढे आणला.

या सर्व कामाचा उल्लेख करताना पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. जुनागढचा हा तरुण गिरनारच्या पायथ्याच्या लेखावरून स्वतःच्या हिमतीवर ब्राह्मी लिपी शिकला. १८६० नंतरच्या काळात तो भाऊंकडे आला आणि त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. अजिंठ्यापासून राजस्थान व उत्तर हिंदुस्थानापर्यंत भाऊंच्या खर्चाने हिंडून भगवानलाल लेखांचे ठसे व नकला आणीत. डॉक्टरांना मुंबईतले रुग्ण सोडून महिनोन्‌महिने बाहेर राहणे शक्य नव्हते. भगवानलालांना इंग्रजी लिहिता येत नसे. निबंध भाऊंच्या नावाने प्रसिद्ध होत. भाऊ आपल्या सहायकाचा उल्लेख करीत असले तरी वाचनातला कोणता भाग कोणाचा, हे आज वेगळे काढता येत नाही. भगवानलालांनी पुढे स्वतंत्रपणे केलेले काम, विशेषतः १८८२ मधील नालासोपाऱ्याच्या स्तूपाचे उत्खनन, पाहिले असता त्यांचा वाटा लहान नसावा, असेच म्हणावे लागते. त्याच वेळी, इंग्रजी न येणाऱ्या एका तरुणाला दहाबारा वर्षे आधार देऊन विद्वानांच्या जगात आणणारा आश्रयदाताही भाऊच होते.

सार्वजनिक कार्य

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही मुंबई इलाख्यातील पहिली राजकीय संस्था स्थापन झाली. नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष होते. भाऊ आणि विनायकराव जगन्नाथजी हे तिचे चिटणीस होते. कंपनी सरकारच्या सनदेचे १८५३ साली नूतनीकरण व्हायचे होते. त्यापूर्वी हिंदी लोकांची गाऱ्हाणी मांडणारा अर्ज संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला. दादाभाई नौरोजींनी इंग्लंडात काढलेल्या ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेतही भाऊंचा पुढाकार होता.

स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी या संस्थेचे ते पहिले हिंदी अध्यक्ष होत. या संस्थेने १८४९ पासून मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. स्त्रीशिक्षणाला शहरातील सनातनी मंडळींचा विरोध होता, त्या काळात भाऊ या शाळांच्या पाठीशी राहिले. चाहत्यांनी निधी जमवून मुलींच्या एका शाळेला त्यांचे नाव दिले. ते शिक्षण मंडळाचे सदस्य होते आणि १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या फेलोंपैकी एक होते. विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन १८५३ साली मुंबईस आले तेव्हा त्यांना साहाय्य करणाऱ्यांतही भाऊ होते. मुंबईचे शेरीफ हे मानाचे पद त्यांना १८६९ आणि १८७१ असे दोन वेळा मिळाले.

शेअरबाजारातील हानी

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या आणि नवनव्या बँकांच्या शेअरांत ओतला गेला. शहरातील व्यापारी, वकील, डॉक्टर, कारकून सारेच या सट्ट्यात उतरले. भाऊही त्यातून सुटले नाहीत. १८६५ च्या वसंतात युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचे भाव कोसळले. त्या वर्षीच्या १ जुलैला शेअरांचे व्यवहार पुरे करण्याची मुदत भरली, तेव्हा शेकडो घरे बुडाली. भाऊंची व्यवसायातली कमाई गेली आणि ते कर्जात बुडाले. पुराव्याशिवाय कालिदासाविषयीची एकही दंतकथा न स्वीकारणारे भाऊ शेअरबाजारातील अफवांपुढे मात्र हतबल ठरले. त्यानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी पुन्हा रुग्ण पाहिले, संशोधनाचा खर्च चालू ठेवला आणि कुष्ठरोगावरील कामाला अधिक वेळ दिला. शेरीफपदाचा मान त्यांना मिळाला तो या आपत्तीनंतर.

वस्तुसंग्रहालय

मुंबईत शेती, उद्योग, भूशास्त्र व कलांचे एक सरकारी संग्रहालय किल्ल्यातील बराकीत होते. १८५७ च्या धामधुमीत त्याची वाताहत झाली. नवे संग्रहालय व त्याभोवती बाग उभारावी, यासाठी डॉ. जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी खटपट केली व लोकवर्गणी जमवली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्यास पायाभरणी झाली. १८६५ च्या आर्थिक संकटात वर्गणीचा ओघ आटला आणि काम रखडले. अखेर सरकारच्या मदतीने ते पुरे होऊन १८७२ साली ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम’ लोकांसाठी खुले झाले. नाना शंकरशेट तोपर्यंत निवर्तले होते.

अखेरचे दिवस आणि लेखनसंग्रह

शेवटच्या काळात भाऊंना पक्षाघाताने ग्रासले. ३१ मे १८७४ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी नारायण दाजीही वारले. भाऊंनी जमवलेली नाणी, ताम्रपट आणि हस्तलिखिते यांचा संग्रह मोठा होता. त्यांतील हस्तलिखितांचा महत्त्वाचा भाग मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ‘भाऊ दाजी संग्रह’ म्हणून जतन केलेला आहे. त्यांचे विखुरलेले निबंध रामचंद्र घोष यांनी १८८८ साली कलकत्त्याहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्र्यं. गो. माईणकर यांनी संपादित केलेला त्यांच्या लेखांचा व भाषणांचा संग्रह मुंबई विद्यापीठाने त्यांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, १९७४ साली काढला. मराठीत अ. का. प्रियोळकर यांनी लिहिलेले चरित्र उपलब्ध आहे. १ नोव्हेंबर १९७५ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयाला ‘डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय’ असे नाव देण्यात आले. जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले आहे.